पाळीची पाळी

आमच्या गावाचे नाव पाळी. डिचोली तालुक्यातल्या या गावी जन्म घेणाऱ्या माणसाला विनोदबुद्धी कमवावी लागत नाही; ती जन्मदाखल्याबरोबरच त्याच्या पदरी पडते. परगावी कुणी 'तुम्ही कुठले?' म्हणून विचारावे, आम्ही 'पाळीचे' असे सांगावे, आणि विचारणाऱ्याच्या ओठांवर एक लहानसे हसू उमटावे. तो पुढे काय बोलणार हे आम्हाला आधीच ठाऊक असते. 'मग आज पाळी कुणाची?' असे तो म्हणतो. हा विनोद जगात आपणच प्रथम केला अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. आम्ही दर वेळी हसतो. न्यायाधीशांच्या विनोदाला हसण्याची सवय वकिलाला लागलेलीच असते. ती इथे उपयोगी पडते.

विनोद शिळा झाला की नासतो, असे सामान्यतः मानले जाते. पण आमचा अनुभव निराळा आहे. काही विनोद भाजीसारखे असतात, ते त्याच दिवशी संपवावे लागतात. आणि काही लोणच्यासारखे असतात, ते मुरावे लागतात. आरतीचे पालुपद पहिल्या कडव्यानंतर म्हणताना जेवढे गोड लागते त्याहून पाचव्या कडव्यानंतर अधिक गोड लागते, कारण तोवर सभामंडपातले सगळे त्यात सामील झालेले असतात. पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या थट्टेचेही तसेच आहे. तिच्यात नवे असे काही नसते. असतो तो केवळ एकमेकांना ओळखत असल्याचा आनंद.

आमच्या गावच्या वाचनालयात एक वृद्ध मास्तर आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी गोमंतकातल्या एका साहित्यमेळाव्याला ते गेले होते. शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारले, 'पुढल्या वर्षीचे निमंत्रण कुणाचे?' मोठमोठ्या गावांचे प्रतिनिधी खिशातून कागद काढून उभे राहिले. कुणापाशी सभागृह होते, कुणापाशी महाविद्यालय, कुणापाशी आमदार. ते सगळे बोलून बसल्यावर मागच्या रांगेतून मास्तर उठले आणि एवढेच म्हणाले, 'अध्यक्षमहाराज, पुढची पाळी पाळीची!' सभा खदखदून हसली. निमंत्रण अर्थातच दुसऱ्या गावाचे स्वीकारले गेले. पण परतताना लोकांच्या तोंडी होते ते आमच्या गावाचे नाव.

दुसऱ्या वर्षी मास्तर पुन्हा उठले, तिसऱ्या वर्षीही उठले. पुढे पुढे तर अशी स्थिती झाली की निमंत्रणांचा विषय निघाला की व्यासपीठावरूनच विचारणा होई, 'पाळीचे निमंत्रण आले की नाही?' एके वर्षी मास्तर तापाने आजारी होते, म्हणून आम्ही एकटेच गेलो. अध्यक्षांची नजर सभेत मास्तरांना शोधू लागली. आम्ही संकोचाने उभे राहिलो आणि ते वाक्य उच्चारले. हशा झाला, पण बसताना आमच्या छातीत काहीतरी हलले. कायद्यात ज्याला वहिवाट म्हणतात ती केवळ पायवाटेची आणि पाण्याची नसते. थट्टेचीही वहिवाट असते, आणि ती खंडित होऊ न देणे हे वारसाचे कर्तव्य असते.

संमेलन आपल्या गावी व्हावे ही हौस काही एकट्या पाळीची नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी दर वर्षी गावोगावहून निमंत्रणे जातात; महामंडळाची समिती स्थळे पाहते, मंडप कुठे, उतरण्याची सोय कुठे, याची चौकशी करते, आणि मग एका गावाच्या पदरात माप पडते. गोमंतकातल्या मडगावच्या वाट्याला हा मान दोनदा आला: १९३० साली वामन मल्हार जोशी अध्यक्ष असताना, आणि मुक्तीनंतर १९६४ साली वि. वा. शिरवाडकर अध्यक्ष असताना. २०१५ साली तर हे संमेलन पंजाबातल्या घुमान या खेड्यात भरले. नामदेवांच्या पायधुळीने पावन झालेले ते गाव, एरवी मराठीशी त्याचा संबंध काय? ही बातमी वाचून मास्तर वर्तमानपत्र हातात घेऊन आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, 'पाहिलेत? घुमानची पाळी आली. म्हणजे पाळीचा खटला अगदीच निकाली निघालेला नाही.'

परंतु मोठ्या संमेलनांभोवती थट्टेपेक्षा तंटाच अधिक माजतो हे खेदाने म्हणावे लागते. स्थळावरून वाद, अध्यक्षावरून वाद, मंडपात कोण कुठे बसला यावरून वाद. जेवणावळीचे वर्णन भाषणांहून सविस्तर छापून येते, हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी भाग. एखादे गाव निमंत्रणाच्या चुरशीत हरले की ते रुसते, आणि जिंकले की फुगते. हसत हरण्याची कला आपल्याकडे दुर्मीळच.

ही कला साता समुद्रांपलीकडच्या एका विलक्षण मंडळीने फार वाढवली आहे, हे आम्हाला अलीकडे कळले, आणि तेही चतुर्थीच्या दिवसांत. आमचा भाचा परदेशी असतो. विज्ञानकथांचा त्याला लहानपणापासून नाद. नारळीकरांच्या कथा त्याने आमच्याच कपाटातून नेऊन वाचल्या आणि परत केल्या नाहीत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. त्या जगतापांना बक्षीस मिळाले! पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच शास्त्रज्ञाकडे चालत आले. विज्ञानकथा आणि खट्याळपणा यांचे काही जवळचे नाते असावे, अशी शंका आम्हाला तेव्हापासूनच होती.

चतुर्थीला भाचा घरी आला. वर माटोळी बांधून झाली होती, खाली आई नेवऱ्या करीत होती, आणि हा पाटावर बसून सांगू लागला. विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक जागतिक संमेलन असते. पहिले १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. मध्यंतरी महायुद्धामुळे चार वर्षे खंड पडला. एरवी ते आजतागायत चालू आहे. त्याला कुणी सरकार नाही की महामंडळाचे कार्यालय नाही. आपल्या शहरी ते भरावे असे ज्यांना वाटते ते चाहते उमेदवारी जाहीर करतात, आणि दोन वर्षे आधीच्या संमेलनात सभासद मते देऊन स्थळ ठरवतात. प्रचार कसा करतात? तर संमेलनाच्या रात्री हॉटेलातल्या खोल्यांची दारे सताड उघडी ठेवतात. ज्याची त्याची खोली म्हणजे ज्याचे त्याचे शहर. आत जावे, त्या शहराचे खाणे खावे, पेय प्यावे, गप्पा ठोकाव्यात आणि शेजारच्या खोलीत प्रतिस्पर्ध्याकडेही तेच करावे. आपल्या जत्रेत माणूस एका खाजेवाल्याकडे चव पाहून दुसऱ्याकडे जातो तसेच हे.

मतपत्रिकेवर गावांच्या नावांखाली 'यांपैकी कोणीही नाही' असाही एक पर्याय असतो. आपल्या निवडणुकीत असा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१३ साली आला, पण त्याला कितीही मते पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच. या मंडळींनी मात्र 'कोणीही नाही'ला बहुमत मिळाले तर काय करायचे याचीही तरतूद करून ठेवली आहे: मग प्रश्न सभासदांच्या कामकाजसभेपुढे जातो. थट्टेखोर माणसे नियम करताना किती काटेकोर असतात पाहा! किंबहुना नियम चोख असल्याशिवाय थट्टेला रंगच चढत नाही.

आणि पाळीचे गावकरी म्हणून आम्हाला सर्वांत प्रिय वाटलेली गोष्ट ही की, त्यांच्यातही पूर्वी पाळी होती! उत्तर अमेरिकेचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन भाग कल्पून ते आळीपाळीने संमेलन भरवीत. आता तो नियम गेला. त्याऐवजी ज्या गावी मतदान होते त्याच्या पाचशे मैलांच्या आतल्या गावाने उमेदवारी करू नये एवढाच निर्बंध आहे. आपल्याच अंगणात उभे राहून आपल्यालाच मते मागू नयेत, हा त्याचा हेतू. आमच्याकडच्या पुष्कळ निवडणुकांना तो लावून पाहण्यासारखा आहे.

त्यांच्या पालुपदी विनोदांच्या कथा ऐकाव्यात तेवढ्या थोड्या. विल्सन टकर नावाच्या लेखकाने एकदा गमतीने सुचवले की, हॉटेलवाल्यांच्या विनवण्या कशाला, चाहत्यांनी आपलेच एक हॉटेल बांधावे. लगोलग लोकांनी त्याला टपालाने विटा पाठवल्या! आमच्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देणगीची हाक दिली तर आश्वासने फार आणि विटा कमी असा अनुभव. तिथे हाक खोटी आणि विटा खऱ्या. मिनियापोलिस शहराने १९७३ सालच्या संमेलनासाठी उमेदवारी केली होती. ते संमेलन भरले टोरांटोला. पण मिनियापोलिसच्या मंडळींनी आपली उमेदवारी काही संपू दिली नाही. १९७३ साल मागे पडले, पुढली दशके मागे पडली, तरी 'मिनियापोलिस, ७३ साली!' अशी घोषणा करून ते मेजवान्या देतच राहिले. कालयंत्राच्या कथा वाचणाऱ्यांना गेलेले साल म्हणजे कायमचे गेलेले असे का वाटावे?

हे ऐकताना आम्हाला आमचे मास्तर दिसू लागले. पण त्यापुढची कथा ऐकून आमच्यातला वकील खाडकन जागा झाला.

रिक स्नेअरी नावाचा एक तरुण चाहता कॅलिफोर्नियातल्या साउथ गेट नावाच्या गावी राहत असे. लॉस एंजलीसच्या कडेला वसलेले हे गाव, या असल्या संमेलनासाठी कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही असे. १९४८ साली या गृहस्थाने घोषणा केली: 'साउथ गेट, ५८ साली!' दहा वर्षांनंतरचे निमंत्रण! लोक हसले. पत्रांच्या शेवटी, हौशी मासिकांच्या कोपऱ्यांत, जिथे तिथे ते वाक्य दिसू लागले. दहा वर्षे थट्टा चालली, आणि दहा वर्षांत थट्टेचा हळूहळू संकल्प झाला. १९५८ उजाडले आणि संमेलन खरोखरच त्या मंडळींकडे आले. पण अडचण अशी की, संमेलन मावेल असे हॉटेल होते लॉस एंजलीसमध्ये. मग दहा वर्षांच्या घोषणेचे काय? तेव्हा महापौरांच्या जाहीरनाम्याने असे घोषित करण्यात आले की, संमेलन चालू असेपर्यंत ती जागा साउथ गेटमध्येच आहे असे समजावे. म्हणजे हॉटेल तसूभरही हलले नाही, गावची सीमाच त्याच्यापाशी चालून आली.

आम्ही हातातले पान खाली ठेवले. कायद्यात याला 'कायदेशीर कल्पित' म्हणतात. जे वस्तुतः नाही ते न्यायासाठी आहे असे धरून चालायचे. या कल्पिताशिवाय कायद्याचे पाऊल पुढे पडत नाही. देवळातली मूर्ती कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, तिला मालमत्ता धारण करता येते, तिच्या वतीने दावा लावता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली एका गाजलेल्या निकालात स्पष्ट केले. भक्ताला देव असण्यासाठी निकालाची गरज नाही. पण देवाची शेते-भाटे कुणी बळकावली तर न्यायालयाला ती सोय लागते. मोठ्या प्रयोजनासाठी योजलेले हे साधन एका थट्टेचा शब्द राखण्यासाठी कुणी वापरावे, आणि तेही महापौरांच्या सहीने, हे आम्हाला अतिशय भावले. हसणाऱ्यांनी दिलेला शब्दही शब्दच असतो, असा त्या जाहीरनाम्याचा खरा आशय.

सगळेच काही गोड नाही. २०२३ च्या संमेलनासाठी चीनमधल्या छंग्दू आणि कॅनडातल्या विनिपेग या शहरांत २०२१ साली चुरस झाली, तेव्हा पत्ते अपुरे लिहिलेल्या मतपत्रिका ग्राह्य धराव्यात की नाही यावर कडू वाद झाला. छंग्दू निवडून आले तरी ती कटुता पुरती गेली नाही. स्पर्धेत अनोळखी माणसे वाढली की हसण्याची जागा संशय घेतो. पालुपद ठाऊक नसलेला माणूस आरतीत मुका राहतो, आणि मुका माणूस लवकर रागावतो.

एवढे सांगून भाचा म्हणाला, 'आणि गंमत अशी मामा, मत देण्यासाठी जी फी भरायची ती हरलेल्या उमेदवाराच्या लोकांनाही परत मिळत नाही. मत कुणालाही द्या, पैसे जिंकणाऱ्याच्या संमेलनाकडेच जातात, आणि तुम्ही त्याचे सभासद होता.'

नेवरीला मुरड घालता घालता आई म्हणाली, 'म्हणल्यार ही आमची पावणीच न्हय रे!'

भाचा हसला. आम्ही मात्र हसलो नाही. आईने वर पाहिले नाही. पण तिने ते कुणाला उद्देशून म्हटले हे आम्हाला बरोबर कळले.

पावणी म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. उत्सव संपला की देवाला वाहिलेल्या वस्तूंचा सभामंडपात लिलाव होतो. केळीचा घड, नारळ, लुगडी, भोपळे, कुणी नवसाचे वाहिलेले काही. पैसे जातात ते देवाच्या पेटीत. कुणीही जिंको, फायदा देवाचाच. पुकारणारा विनोदी असेल तर दशावताराहून अधिक रंग भरतो. आमच्याकडे एक नारळ मात्र असा होता की ज्याची पावणी दर वर्षी ठरलेली. आमचे वडील उठून म्हणत, 'एक रुपया.' शेजारच्या घरचे यजमान म्हणत, 'सव्वा रुपया.' मग दीड, पावणेदोन, दोन असे करीत पाच रुपयांपर्यंत चढायचे. सगळ्या मंडपाला आकडे पाठ. पाचाला एकाने थांबायचे. आणि कोणी थांबायचे तेही ठरलेले. गेल्या वर्षी ज्याला नारळ मिळाला त्याने यंदा थांबायचे. म्हणजे पाळी. नारळ घरी गेला की फोडायचा, आणि त्याची अर्धी वाटी हरलेल्या घरी पाठवायची. दोन्ही यजमान पेटीत वेगळी देणगी घालीतच. ही पाच रुपयांची पावणी केवळ हसण्यासाठी होती. 'एकवार, दोनवार' म्हणताना पुकारणाऱ्याला हसू आवरत नसे.

वडील गेल्यावर आमची बाजू आमच्याकडे आली, आणि शेजारची बाजू तिथल्या थोरल्या मुलाकडे. त्यांना आम्ही लहानपणापासून दादा म्हणतो. ते आम्हाला बाबू म्हणत. काही वर्षे ठीक चालले.

२०११ सालची जत्रा आली. खाणी जोरात चालू होत्या, गावात पैसा खेळत होता, आणि आमची वकिली नुकतीच बरी चालू लागली होती. आमचे दोन श्रीमंत पक्षकार त्या दिवशी परगावाहून जत्रेला आले होते आणि मंडपात आमच्या शेजारीच बसले होते. नारळ निघाला. पाळी दादांची होती. पाच रुपये झाले; आम्ही बसायचे होते. पण एक पक्षकार कानाशी कुजबुजला, 'वकीलसाहेब, पाचावर थांबलात?' आणि आमच्या तोंडून शब्द गेला, 'शंभर.' मंडपात हशा झाला. लोकांना वाटले की यंदा नवी गंमत आहे. दादाही हसले आणि म्हणाले, 'एकशे एक.' आम्ही पाचशे म्हणालो. तिसऱ्या आकड्याला दादांचे हसू थांबले, सातव्याला मंडपाचे. शेवटी साडेअकरा हजारांना तो नारळ आम्ही जिंकलो. दादांनी दोन्ही हात जोडले, 'घ्या वकीलसाहेब,' म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. बाबूचा वकीलसाहेब त्या क्षणी झाला.

घरी आलो. आईने नारळाकडे पाहिले आणि म्हटले, 'पाळी तांची आशिल्ली.' तेवढेच. तिने तो फोडला आणि अर्धी वाटी शेजारी पाठवली. ती जशी गेली तशीच परत आली.

पुढल्या वर्षी सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. दादांनी कर्ज काढून घेतलेला ट्रक फाटकाजवळ गंजत उभा राहिला. त्यानंतरच्या जत्रेला नारळ निघाला तेव्हा आम्ही मुद्दाम उठलो आणि म्हणालो, 'एक रुपया.' चूक दुरुस्त करावी असे मनात होते. दादा थांबले की आपण लगेच बसायचे, नारळ त्यांचा. पण दादा मंडपात नव्हतेच. पुकारणाऱ्याने जुन्या सवयीने त्या खांबाकडे पाहिले. कुणीही सव्वा रुपया म्हटले नाही. दुसऱ्या कुणी तो आकडा बोलणे म्हणजे पराव्या घरात शिरण्यासारखे होते. एकवार, दोनवार, तीनवार. देवाचा नारळ एका रुपयाला आमच्या पदरात पडला. उभ्या आयुष्यात आम्ही पुष्कळ दावे हरलो आहोत. पण त्या दिवशी जिंकल्याची जी लाज वाटली ती कशाचीच वाटली नाही.

ते न आले ते रागाने की ओढगस्तीने, हे आम्ही विचारले नाही. मानपानाच्या तंट्यांची कागदपत्रे आम्ही पुष्कळ वाचली आहेत. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला प्रसाद कुणाचा, यांवर पिढ्यान्पिढ्या चाललेले दावे. ते वाचताना आम्ही मनाशी म्हणत असू, कसली ही माणसे! आता आम्हीच त्या माणसांत जमा झालो होतो. वर्षे गेली. वाटेत भेटलो तर मान हलवायची, एवढाच संबंध उरला.

म्हणून आईचे ते वाक्य चतुर्थीच्या दिवशी आमच्या वर्मी लागले. हसत चढाओढ करणाऱ्यांनी जे सांभाळले तेच आम्ही मोडले होते. थट्टा मोडायला एकाने एकदाच स्वतःला फार गंभीरपणे घ्यावे, एवढे पुरते. पाच रुपयांची ती पावणी वरून थट्टा आणि आतून करार होती: तुझ्याशी झुंजेन, पण तुझी पाळी बुडवणार नाही.

विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही कुंपण ओलांडून शेजारी गेलो. दादा सोप्यावर सुपारी कातरीत बसले होते. 'यो,' म्हणाले, पुढे काही नाही. क्षमा मागण्याचे वाक्य आम्ही घरून तयार करून नेले होते, ते उंबऱ्यावरच हरवले. मग आम्ही त्यांना साउथ गेटची गोष्ट सांगितली. दहा वर्षांची घोषणा, लॉस एंजलीसमधले हॉटेल, महापौरांचा जाहीरनामा, सगळे. अडकित्ता थांबला. आम्ही म्हणालो, 'दादा, कायद्यात असे चालते. २०११ ची पावणी झालीच नाही असे धरून चालू. नारळ अजून मंडपात आहे आणि पाळी तुमची आहे.'

दादा बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिले. मग विचारले, 'आनी ते साडेइकरा हजार?'

'ते देवाक पावले,' आम्ही म्हणालो. 'ते मात्र खरे.'

दादांच्या ओठाचा कोपरा हलला. 'बाबू,' ते म्हणाले, 'वकील म्हूण तूं बरो. पावणेक वायट.' आणि सुपारीचे खांड आमच्या हातावर ठेवले.

त्या जत्रेला मंडप भरला होता. नारळ निघाला. आम्ही उठून म्हणालो, 'एक रुपया.' क्षणभर सारे शांत झाले, आणि मागच्या त्या वर्षीची शांतता आमच्या पोटात ढवळून गेली. तोच खांबाआडून आवाज आला, 'सव्वा रुपया!' मंडपात जो हशा उसळला त्यात पुकारणाऱ्याचा आवाज बुडून गेला. ज्यांना पूर्वीची कथा ठाऊक नव्हती ती पोरेसुद्धा हसत होती. दीड, पावणेदोन, दोन. पाचाला आम्ही बसलो. इतक्या समाधानाने आम्ही कुठल्याही न्यायालयात कधी खाली बसलेलो नाही.

पायऱ्यांजवळ खुर्चीवर मास्तर होते. त्यांना आता चालवत नाही, मुलांनी उचलून आणले होते. त्यांनी आम्हाला खुणेने जवळ बोलावले. आम्हाला वाटले, शाबासकी देतील. ते म्हणाले, 'हे झाले. पण ते निमंत्रण? यंदा पाठवायला विसरू नका. आपल्याकडे सभागृह नाही, हे त्यांनी आपल्याला सांगायचे. आपण त्यांना सांगायचे नाही.'

मुदतीच्या कायद्याचे आम्हाला स्मरण झाले. हक्क वेळेवर बोलून दाखवला नाही तर तो मुदतीबाहेर जातो, आणि दर वर्षी हसत बोलून दाखवला तर निदान लोकांच्या आठवणीत तरी जिवंत राहतो. मास्तरांची थट्टा ही त्या लहान गावाची दर साल भरलेली पावती आहे. संमेलन पाळीला येईल की नाही, देव जाणे. पण ज्या गावाची पाळी अजून यायची आहे त्या गावाला निदान म्हातारपण येत नाही.

त्या रात्री शेजारच्या घरून अर्धी वाटी आली. आईने ती देवापुढे ठेवली आणि मग खोबरे किसायला घेतले. आम्ही टेबलाशी बसून निमंत्रणाचे पत्र लिहिले. मजकूर एकाच ओळीचा होता, आणि तो वाचकांना पाठ आहे.